थर्मोकोलचे खांब आणि आईची ट्रंक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थीमची लग्नं म्हणजे गोऱ्यांची नक्कल आणि आईबापांच्या पैशांची होळी, अशा आशयाचं एका वाचकाचं पत्र आपल्याकडे छापून आलं होतं. होळीचं मला पटलं. नकलेबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण गेल्या वैशाखात माझ्याच मुलीचं असं लग्न झालं आणि त्यातलं बरंचसं माझ्या मशीनवर शिवलं गेलं. मी बेळगावच्या शहापुरात २९ वर्षं ब्लाउज शिवते.

मुलगी चित्रकला शिकवते. तिला लग्न हवं होतं पाचशे वर्षांपूर्वीच्या इटलीतल्यासारखं, रेनेसाँच्या, म्हणजे तिकडच्या प्रबोधनाच्या काळातलं. जावयांची हरकत नव्हती, त्यांना जेवण वेळेवर हवं होतं एवढंच. तिची शिल्लक आणि माझी पिग्मी, म्हणजे रोज थोडे थोडे भरून साठवलेले पैसे, धरून आमच्या हातात साडेतीन लाख. एका इव्हेंटवाल्याने नुसत्या सजावटीचे पावणेपाच लाख सांगितले. त्यात थर्मोकोलचे खांब, फायबरचे पुतळे, प्लास्टिकची द्राक्षं आणि नवरीला भाड्याचा पांढरा गाऊन. आधीच दिलेले दहा हजार परत मिळाले नाहीत ते नाहीतच.

पांढरा गाऊन ऐकून मुलगी भडकली. म्हणाली, आई, पांढऱ्याची टूम इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या १८४० च्या लग्नापासून पसरली. त्याआधी इटलीतल्या नवऱ्या लाल, निळं, हिरवं, जरीचं नेसायच्या. म्हटलं, मग आपला लाल शालू काय वाईट?

खरी गंमत बाह्यांची. त्या काळी बाह्या बऱ्याचदा झग्याला शिवलेल्या नसत. त्या वेगळ्या असत आणि खांद्याशी नाड्यांनी बांधायच्या. एक झगा आणि तीन जोड बाह्या, की झाले तीन पोशाख. आमच्या धंद्यातल्या माणसाला याहून गोड गोष्ट कोणती? सासूबाईंची जांभळी शहापुरी साडी होती, मध्ये विरलेली, पण काठ शाबूत. तिच्यातून बाह्या काढल्या. कोपरापर्यंत फुगा, खाली घट्ट. फुग्याला उभ्या चिरा द्यायच्या आणि त्यातून आतलं पांढरं कापड बाहेर ओढायचं, ही तिकडची तऱ्हा. पहिल्या बाहीला मी सरळ कात्री लावली. सकाळी बघते तर रेशमाचे धागे सुटून मिशांसारखे लोंबतायत. मग कापड चिरण्याचा नादच सोडला. दीड-दीड इंची पट्ट्या कापल्या, प्रत्येकीला दोन्हीकडून उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या कापडाची, पायपिंग केली आणि फक्त वर-खाली एकत्र जोडल्या. मध्ये आपोआप फट राहते. त्या फटीतून मलमल चिमटीने ओढायचं आणि आतून एक टाका टाकायचा. एका बाहीला अकरा पट्ट्या, दोन रात्री जागून. तिकडे नाडीच्या टोकाला धातूची टोपी असायची, आम्ही पितळी घुंगरू लावले. बिनबाह्यांच्या ब्लाउजला बांधल्या आणि शालूवर अशा दिसल्या की विहीणबाई उठून हात लावून गेल्या.

दुसरी गोष्ट ट्रंकेची. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात नवरीचं सामान रंगवलेल्या लाकडी पेटाऱ्यांतून वाजतगाजत सासरी न्यायचे. त्या पेटाऱ्यांवर मोठमोठे चित्रकार काम करत. रुखवतच की हो! माझ्या लग्नातली पत्र्याची ट्रंक माळ्यावर गंजत होती. मुलीने ती घासली, ऑइल पेंटने निळी केली आणि झाकणावर बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या छतावरचं दगडी कमळ काढलं. ही बस्ती १२०४ सालची, म्हणजे रेनेसाँच्याही आधीची. रंगाचा खर्च साडेसहाशे रुपये.

वाजंत्र्यांचंही तसंच. तिकडच्या मिरवणुकांत वाजायचं ते शॉम नावाचं वाद्य आपल्या सनईचं चुलत भावंड, हे मुलीने सांगितल्यावर माझ्या भावाने डीजेचा हट्ट सोडला. श्रीमंतांच्या पंगतीत साखरेचे पुतळे मांडत म्हणे. आपल्याकडे गौरी हुण्णिमेला, म्हणजे कार्तिकातल्या पौर्णिमेला, साखरेच्या बाहुल्या करतातच, ते साचे एका हलवायाकडे होते. मे महिन्यात साच्यातून मोर आणि हत्ती काढताना तो हसत होता, पण त्याने काढले. साखर चढवलेले बदाम आणि धणे वाटायची त्यांची रीत होती, आम्ही रंगीत बडीशेप वाटली. ताकाला खानापूरचे मातीचे पेले आणले.

जेवणात मात्र गाडी अडली. कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ साली, तेव्हा त्याआधीच्या इटलीत बटाटा नाही, टोमॅटो नाही, मिरची नाही, आणि खरं म्हणजे तेव्हा आपल्याकडेही नाही. मुलगी म्हणाली, मिऱ्यावर भागवू. गोकाकच्या व्याह्यांसमोर मिरचीशिवाय पान वाढायचं? तिथे मी थीमला हात जोडले. ठेचा झाला, मांडेही झाले.

आता नकलेबद्दल. त्या काळातलं सगळंच उचलण्यासारखं नव्हतं, आणि आम्ही उचललंही नाही. फ्लॉरेन्सने १४२५ मध्ये चक्क सरकारी हुंडा फंड काढला होता. मुलगी लहान असताना पैसे ठेवायचे आणि लग्नात हुंडा म्हणून घ्यायचे. हुंड्याची सोय न झालेल्या कितीतरी मुली मठात गेल्या. माझी पिग्मी त्या फंडाची बहीण वाटेल, पण तिच्यातला एक रुपयाही व्याह्यांनी मागितला नाही. तिथल्याच शहरांनी लग्नात पदार्थ किती, पाहुणे किती, अंगावर जर किती, याचे कायदेही केले होते. म्हणजे उधळपट्टीची तक्रार त्या वाचकांच्या आधी सहाशे वर्षांपूर्वी झालेली आहे. लोक पळवाटा काढत, तेही आपल्यासारखंच.

माझं खरं भांडण कार्यालयवाल्यांशी आहे. एका मंगल कार्यालयाने सांगितलं, सजावट आमच्याच माणसाची घ्यायची, बाहेरचं एक फूलही आत येणार नाही. नको असेल तरी पंधरा हजार भरा. ट्रंक दारात ठेवायचेही वेगळे पैसे! आम्ही तिथून उठलो आणि येळ्ळूरला भावाच्या खळ्यात मांडव घातला. समोर राजहंसगड असताना थर्मोकोलचे खांब कशाला? १८० माणसं जेवली. संध्याकाळी वळीव आला, मांडवाचा एक कोपरा बसला आणि साखरेचा हत्ती विरघळला, पण तोवर अक्षता पडल्या होत्या. सगळं मिळून तीन लाख बावीस हजार, त्यात निम्म्याहून जास्त जेवणावर.

कार्यालयांनी जागेचं भाडं घ्यावं, वीज-पाण्याचं घ्यावं. आपापली फुलं, आपापली ट्रंक आणायला आडकाठी करू नये, एवढं आपल्या दैनिकाने लावून धरावं ही विनंती. बुकिंग करताना ही अट पावतीवर आधी दाखवतात का, हेही एकदा तपासा.

त्या बाह्या आतापर्यंत दोन मुलींनी नेल्या. आणखी कुणाला हव्या असतील तर खुशाल न्या, भाडं नाही. फक्त जरीच्या आहेत, पाण्यात घालू नका.

आपली,
शिवणकाम करणारी एक आई
शहापूर, बेळगाव