काटा बदलण्याआधी अर्थ तपासा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी धावपट्टीला 1939 पासूनचा इतिहास आहे आणि उद्यमनगरात लोखंडाला हवा तो आकार देणारे हात आहेत. अशा गावात कुणी स्वतःचे छोटे विमान बांधायला घेतले तर त्यात नवल नाही. मात्र अशा बांधणीत सांगाडा, पंख आणि इंजिन यांवर जीव ओतला जातो आणि वायरिंग सगळ्यात शेवटी, घाईत उरकले जाते. मग ऑइल प्रेशरचा काटा थरथरतो, इंधनाचा काटा लाइट लावताच सरकतो, आणि पहिला निर्णय होतो तो मीटर बदलण्याचा. महागडा नवा मीटर बसतो आणि काटा पुन्हा तसाच थरथरतो. मराठीत या विषयावर फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

काटा एकच चुकतो आहे की तीन-चार एकदम, हे आधी बघावे. लँडिंग लाइट लावल्यावर किंवा रेडिओवर बोलताना सगळे काटे एकाच वेळी हलत असतील, तर मीटरला हात लावू नका. दोष बहुतेक अर्थमध्ये, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाण्याच्या वाटेत असतो. मीटरचा अर्थ पॅनेलवर आणि सेंडरचा, म्हणजे मीटरला माप पाठवणाऱ्या भागाचा, अर्थ इंजिनच्या ब्लॉकवर असतो. या दोन जागांमध्ये अर्ध्या व्होल्टचा जरी फरक पडला, तरी मीटर तो फरक सेंडरच्या सिग्नलमध्ये मिसळून दाखवतो.

हे ओहमवर तपासून कळत नाही. मल्टिमीटरच्या वायरींचाच रोध दोन-तीन दशांश ओहम भरतो, आणि जोडातला 0.1 ओहमचा दोष त्यात लपून जातो. तोच 0.1 ओहम 8 अँपिअरचा लाइट लावल्यावर 0.8 व्होल्ट खातो. म्हणून लोड चालू ठेवून व्होल्ट मोजावेत. मल्टिमीटर 2 व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, तीही क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खांबावर. लाल प्रोब मीटरच्या अर्थच्या लगवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) ठेवा. मास्टर (मुख्य स्विच), सगळी उपकरणे आणि लाइट चालू करा. 0.05 व्होल्टपर्यंत ठीक. 0.1 च्या वर गेले की लाल प्रोब एकेक टप्पा बॅटरीकडे सरकवत आणा: पॅनेलचा अर्थ ब्लॉक, फायरवॉलचा (इंजिनमागच्या पत्र्याच्या भिंतीचा) बोल्ट, बॅटरीचा क्लॅम्प. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम खाली येतो, दोष त्यांच्यामध्येच आहे. तो बोल्ट उघडला की नटाखाली बहुधा रंगाचा थर सापडतो, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात तांब्यावर चढणारी हिरवट भुकटी. धातू चकचकीत होईपर्यंत घासा, कल्हईचा लग लावून घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. उघडे तांबे ॲल्युमिनियमवर थेट आवळले तर ओलाव्यात तो जोड वर्षभरात पुन्हा खराब होतो.

फायबरच्या विमानात तर गाडीसारखा ‘बॉडी अर्थ’ नसतोच. तिथे प्रत्येक उपकरणाची परतीची वायर एकाच अर्थ ब्लॉकवर आणावी लागते.

इंजिन रबराच्या माउंटवर बसलेले असते, म्हणून इंजिनच्या ब्लॉकपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत जाड पट्टी हवीच. ती सैल झाली की स्टार्टरचा करंट दुसरी वाट शोधतो. दोन-तीनदा स्टार्टर मारल्यावर थ्रॉटल केबलचे आवरण हाताला गरम लागले, तर करंट त्या केबलमधून जातो आहे हे नक्की समजा आणि विमान तिथेच थांबवा. सेंडरच्या बारीक वायरीही अशाच जळतात.

एकच काटा चुकत असेल तर दुकानातून अर्ध्या वॉटचे पाच रेझिस्टर आणावेत: 10, 33, 100, 180 आणि 240 ओहम. सेंडरची वायर काढून तिच्या आणि अर्थच्या मध्ये एकेक लावा. काटा योग्य जागी गेला तर मीटर आणि वायर निर्दोष, बिघाड सेंडरमध्ये. इंधनाच्या बाबतीत हे डोळ्यांत तेल घालून करावे, कारण बाजारात दोन पद्धती आहेत. युरोपी सेंडर टाकी रिकामी असताना 10 आणि भरल्यावर 180 ओहम देतो. अमेरिकी पद्धतीत रिकाम्याला 240 आणि भरलेल्याला 33. युरोपी सेंडरला अमेरिकी मीटर जोडला तर कोरडी टाकी पूर्ण भरलेली दिसते. त्या अमेरिकी पद्धतीत सेंडरची वायर घासून सांगाड्याला टेकली, तरी काटा ‘भरलेली’वरच जातो. म्हणून टाकीत पाच-पाच लिटर ओतत काट्याची जागा लिहून ठेवावी, आणि उड्डाणाआधी मोजपट्टी टाकीत बुडवून बघणे कधीही सोडू नये. टाकीजवळ वायर काढताना मास्टर बंद.

थर्मोकपलचा, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या वायरींच्या जोडातून तापमान मोजणाऱ्या प्रोबचा, भाग निराळा आहे. तिथे आपल्या चांगल्या इलेक्ट्रिशियनचीही चूक होते, कारण अमेरिकी रंगपद्धतीत थर्मोकपलची लाल वायर निगेटिव्ह असते! थर्मोकपलच्या दोन प्रकारांपैकी के टाइपला पिवळी प्लस, जे टाइपला पांढरी प्लस. सवयीने लाल वायर प्लसला लावली की इंजिन तापेल तसा काटा खाली जातो. वायर अपुरी पडली म्हणून तांब्याची जोडणे ही त्याहून वाईट चूक, कारण ती उघडपणे दिसत नाही. जोड इंजिनजवळ 60 अंशांत आणि मीटर 30 अंशांत असेल, तर सिलिंडरचे तापमान खऱ्यापेक्षा 30 अंश कमी दिसते. योग्य प्रकारची वाढीव वायर घेतली, पण ती दोन्ही टोकांना उलटी जोडली, तर 60 अंश कमी. के टाइप एका अंशाला जेमतेम 41 मायक्रोव्होल्ट देते, त्यामुळे ज्याचे टोक इंजिनला टेकलेले आहे अशा प्रोबला अर्थमधला 1 मिलिव्होल्टचा फरकही सुमारे 24 अंशांनी फसवतो. प्रोब तपासायला उकळते पाणी पुरते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, म्हणून काटा 100 ऐवजी 98 च्या आसपास यायला हवा.

चार्जिंगबद्दल थोडक्यात. विश्रांत बॅटरी 12.6 ते 12.8, इंजिन वेगात असताना 13.8 ते 14.4 व्होल्ट. जमिनीवर तपासताना 15 च्या वर गेले तर उपकरणे जळण्याआधी इंजिन बंद करा. रोटॅक्स 912 या छोट्या विमानांच्या इंजिनात चार्जिंगचे व्होल्ट आवरणाऱ्या रेग्युलेटरचा अर्थ त्याच्या बॉडीतून जातो, तो रंगावर बसवला की चार्जिंग लहरी होते. ब्रेकर वायरला वाचवण्यासाठी असतो; 5 अँपिअरचा उडतो म्हणून 10 चा लावणे म्हणजे पॅनेलमागे आग ठेवणे.

आणि एक गोष्ट जिवावरची. गाडीत वायर निसटली की इंजिन बंद पडते. विमानाचे इग्निशन वायर अर्थला टेकवून बंद होते, म्हणून तीच वायर तुटली तर स्विच ‘ऑफ’ असूनही पंखा (प्रोपेलर) सुरू होऊ शकतो. पॅनेलमागे काम करताना पंख्याच्या वर्तुळात कुणीही उभे राहू नये, चाकांना अडसर असावा.

उद्यमनगरातल्या दुकानदारांना विनंती: कल्हईचे रिंग लग, तेफ्झेल (उष्णता सोसणाऱ्या आवरणाची) वायर आणि के व जे टाइपची वाढीव केबल मीटरच्या मापाने सुटी मिळू लागली, तर विद्यार्थ्यांना गाडीची पीव्हीसी वायर वापरायची वेळ येणार नाही.

आपले,
विमानांच्या विद्युत कामातले काही तंत्रज्ञ,
कोल्हापूर