दोन मीटर जाळल्यानंतर काकांना पत्र

काका, सप्रेम नमस्कार.

पॉवर सप्लाय चालू झाला. 12 व्होल्टचा बल्ब लावला, त्यावरच्या करंट मोजणाऱ्या मीटरचा काटा 5 अँपिअरवर जाऊन गप्प उभा राहिला. "चालला की कळव" म्हणाला होतात, म्हणून हे आधी.

खरं तर मी फोन केला होता तो तिसरा मीटर कुठला घेऊ हे विचारायला. पहिले दोन्ही मुळातच खराब निघाले, अशी माझी पक्की समजूत. तुम्ही त्यावर अवाक्षर काढलं नाहीत. "जळका मीटर हातात घे आणि तिरका कर. काटा कुठं जातो?" काटा नुसता लोळत होता, शून्यावर यायचं नाव नाही. म्हणजे आतली केसासारखी स्प्रिंग गेली, असं तुम्ही सांगितलंत. काट्याला मागं खेचणारी तीच आणि काटा फिरवणाऱ्या कॉइलला (तारेच्या वेटोळ्याला) करंट पोचवणारीही तीच, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मग विचारलंत, "जळायच्या आधी जास्त दाखवत होता का?" दाखवत होता! दोन दिवस 3 अँपिअरच्या जागी साडेचार. मी आपला शून्य जुळवायचा पुढचा स्क्रू पिळून काटा शून्याच्या खाली ढकलत बसलो होतो. तुम्ही हसलात, तेही ऐकू आलं.

मीटरचा काटा 1 मिलिअँपिअरलाच शेवटाला जाणारा, कॉइल 75 ओहमची, म्हणून 5 अँपिअरसाठी शंट (बाकीचा करंट मीटरच्या बाजूनं नेणारा रेझिस्टन्स) 0.015 ओहमचा. एवढासा रेझिस्टन्स असला की सोल्डरचा एक कच्चा टाकासुद्धा रीडिंग दीडपट करतो, हे माझ्या गणितात कुठंच नव्हतं. वर मी लोडच्या जाड वायरी मीटरच्याच स्क्रूंना कसल्या होत्या आणि शंट त्या दोन स्क्रूंमध्ये सोल्डर केला होता. टाका सुटला, शंट बाजूला पडला आणि सगळा करंट बिचाऱ्या कॉइलमधून. हिशेब केला तर दीडशे मिलिअँपिअरच्या वर! भिंगाखाली पाहिलं, तर टाक्याभोवती बारीक काळी गोल चीर होती. वरून चकचकीत.

आता जाड वायरी थेट शंटच्या मोठ्या स्क्रूंना आहेत आणि मीटरच्या बारीक वायरी शंटवरच्या वेगळ्या छोट्या स्क्रूंना. मीटरवर 6 अँपिअरचे दोन डायोड उलटसुलट लावलेत, म्हणजे शंट सुटलाच तर जादा करंट कॉइलऐवजी त्यांच्यातून जाईल. तुम्ही "लावलेस तर बरं" एवढंच म्हणाला होतात, पण दोन मीटर जाळलेल्या माणसाला तेवढं पुरे.

काल मुद्दाम एक जाड वायर सैल करून पाहिली. बल्ब विझला, काटा शून्यावर आला, मीटर जिवंत. पुन्हा कसली, पुन्हा सैल केली. घरच्यांना वाटलं, याचं काहीतरी बिघडलंय.

काका, तुम्ही अर्धा तास दिलात आणि एकदाही "एवढंही कळत नाही का" म्हणाला नाहीत. मनापासून आभार.

जळका मीटर उघडून ठेवलाय. तुम्ही आलात की ती स्प्रिंग दाखवा.

तुमचा,
मीटर-जाळ्या