गाव विचारलं, नाव राहिलं

प्रिय काका,

"आई गं, मेले!" मी ओरडले, आणि खालून, सीडरच्या बुंध्यांमधून कुठूनतरी उत्तर आलं, "मरत नाहीस. पायांकडे बघ."

तो आवाज तुमचा होता. गेल्या जुलैतला शनिवार, व्हँकूवरहून तासाभरावरचं स्क्वामिश, आणि मी जमिनीपासून पंधरा-सोळा मीटरवर एका भेगेत उजवी मूठ कोंबून लटकलेले. खाली दोर धरून ऑफिसातली मैत्रीण उभी होती. तिला मराठीचं एक अक्षर कळत नाही, म्हणून तर मी मनसोक्त मराठीत घाबरत होते. कोणीतरी सगळं ऐकतंय म्हटल्यावर आधी लाज वाटली. भीती कमी झाली ती नंतर.

हे पत्र असं उघड लिहितेय, कारण माझ्याकडे तुमचा पत्ता नाही, फोन नाही, नावसुद्धा नाही. खाली उतरल्यावर धापा टाकत मी पहिला प्रश्न काय विचारला? "कुठले तुम्ही?" तुम्ही म्हणालात, "वाईचा. म्हणजे होतो." तेवढ्यावर माझं समाधान झालं. रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "वाईचे कोण? आडनाव काय?" आणि मी गप्प.

त्या दिवशी मी तिथे कशी अडकले ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे. पुण्यात असताना मी थोडीफार चढाई केली होती, तैलबैला, ड्यूक्स नोज वगैरे. पण कायम दुसऱ्याच्या मागून, वरून दोर असताना. आपल्या सह्याद्रीत भेग दिसली की हात घालायच्या आधी आत काय आहे ते बघायचं. माती, गवत, नाहीतर एखादी गोम. धरायचं ते कडेला, खाचेला, आणि धरलेला तुकडा हातात येत नाही ना याची खात्री करून. इथला ग्रॅनाइट म्हणजे वेगळंच प्रकरण. साधारण दहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात गोठलेला, आणि मग सुरीनं कापल्यासारखा उभा चिरलेला. भेगेच्या दोन्ही बाजू सपाट, एकमेकींना समांतर, बोट टेकवायला कड म्हणून नाही. धरायचं काय, तर मधल्या पोकळीला.

त्यात ही चढाई ट्रॅड. कातळात आधीपासून मारलेले बोल्ट नाहीत. आपल्या कमरेला लटकवलेले फ्रेंड, म्हणजे खटका ओढला की मिटणाऱ्या आणि सोडला की भेगेत घट्ट बसणाऱ्या पाकळ्यांची साधनं, आपणच भेगेत लावायचे, त्यात दोर अडकवायचा आणि मागून येणाऱ्यानं ते काढत यायचं. भेग खालपासून वरपर्यंत एकाच रुंदीची असली, की एकाच मापाचे फ्रेंड पुष्कळ लागतात. माप रंगावरून ओळखायचं. इथल्या वाटांच्या पुस्तकात लिहिलं होतं, पिवळे चार न्या. माझ्याकडे दोनच होते. एकेक फ्रेंड आमच्या आठवड्याच्या किराण्याएवढा महाग. म्हटलं, भागवू.

आणि पुस्तकात ‘हाताच्या मापाची भेग’ म्हणतात, ती कोणाच्या हाताच्या? मला सव्वादोनच्या बांगड्या होतात. ज्या भेगेत तुमचा पंजा फिट्ट बसतो तिथे माझा सैल, डब्यात चमचा खुळखुळावा तसा. वाट किती कठीण याचे पुस्तकातले आकडे ठरवताना कोणी बायकांना हात घालून बघायला सांगितलं होतं की नाही, देव जाणे. असो, हे भांडण तुमच्याशी नाही.

तर मी तिथे. वरची भिंत किंचित अंगावर आलेली, त्यामुळे सगळं वजन हातांवर. दोन्ही पिवळे खाली लावून संपलेले, दुसरा नेमका माझ्या कमरेशी. निळा एक उरला होता, तो मोठा, त्या रुंदीत बसेना. आणि अजून बारा-तेरा मीटर वर जायचं. पायांना शिलाई मशीनचा झटका लागलेला.

"मूठ आवळू नकोस गं," तुम्ही म्हणालात. "पंजा उघडा घाल आत. आता अंगठा तळहातात दुमड. दुमड आणि दाब."

दुमडला. अंगठ्याखालची ती गादी, जिनं आपण भाकरीचं पीठ मळतो, ती फुगली आणि हात जागच्या जागी बसला. मी किती वेळ नुसती मूठ वळून बोटांच्या हाडांवर वजन देत होते! दोन वर्षं जिममध्ये जाऊन हे मला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर इंग्रजीत, आणि डोक्यात शिरलं नसेल.

"आता पाय. गुडघा बाहेर पाड, पाऊल आडवं कर, घाल आत. गेलं? गुडघा सरळ कर आणि त्यावर उभी राहा. जिन्यावर उभी राहतेस तशी."

बुटाच्या आत बोटं पिळवटली, पण उभी राहिले. पहिल्यांदाच हात सरळ सोडता आले. श्वास घेतला तेव्हा खालच्या शेवाळाचा, ओल्या लाकडाचा वास आला. तोपर्यंत जंगल असल्याचंच मी विसरले होते.

मग तुम्ही म्हणालात, "किती आहेत तुझ्याकडे पिवळे?" मी म्हटलं, "संपले." मला वाटलं होतं आता भाषण ऐकावं लागणार. तुम्ही फक्त "बरं" म्हणालात आणि माझ्या मैत्रिणीशी इंग्रजीत काहीतरी बोललात. मला कमरेशी असलेल्या फ्रेंडला पट्टीनं अडकायला लावलंत. मी वर, तिनं दोर सैल सोडायचा, मी माझ्या पोटापासून दोर ओढून त्याचा फास खाली सोडायचा, विहिरीत पोहरा सोडल्यासारखा. तो फास तुमच्या हातात आला. एक झटका बसला आणि तुम्ही "ओढ" म्हणालात.

वर आले ते दोन पिवळे फ्रेंड. जुने, दांड्यावरचा रंग उडालेला, पट्ट्या मात्र नव्या शिवलेल्या, आणि प्रत्येकावर तुमच्या खुणेची दोन रंगांची चिकटपट्टी. जिचं तोंड पाहिलं नाही अशा पोरीला कोणी आपलं लोखंड देतं का? चढणारी माणसं भाकरी वाटून खातात, पण आपला फ्रेंड अनोळख्याच्या हाती देताना दहादा विचार करतात. त्यावर जीव टांगायचा असतो, आणि दुसऱ्यानं तो कसा वापरला, किती वेळा त्यावर पडला, हे नंतर कळत नाही.

मी पुण्यात मेकॅनिकल शिकले. फ्रेंड कसा काम करतो ते मला वहीत काढून दाखवता येईल. त्याच्या पाकळ्यांची वळणं अशी कापलेली असतात, की भेग अरुंद असो वा रुंद, दगडाशी होणारा कोन तोच राहतो. फ्रेंड शोधून काढणाऱ्या रे जार्डिननं मूळ मापात तो 13.75 अंश ठेवला होता. त्या कोनात खाली जेवढी ओढ बसते, त्याच्या साधारण दुप्पट दाब दोन्ही बाजूंच्या कातळावर पडतो. जितकं पडाल तितका तो घट्ट. हे सगळं पाठ होतं मला. पण तुमचा पिवळा भेगेत सरकवून खटका सोडला, चारही पाकळ्या दगडाला टेकल्या, दोर त्यात खटकन बसला, तेव्हा जे वाटलं ते कुठल्याच वहीत नव्हतं.

दुसरा पिवळा मी वरून तीन मीटर खाली लावला. खरं तर तिथे लावायची गरज नव्हती. भीतीनं लावला, आणि भीतीनंच खोल खुपसला, पाकळ्या पार मिटतील इतका. त्याचं पुढे सांगते.

खाली आल्यावर तुम्ही दिसलात. गुडघ्यापर्यंत चिखल, दाढीत शेवाळाचा तुकडा, हातात तारेचा ब्रश आणि कमरेला खुरपं. खुरपं! शेजारच्या भेगेत दोरावर लटकून तुम्ही सकाळपासून माती खरवडत होतात. या जंगलात पाऊसच इतका, की चार वर्षं कोणी हात लावला नाही तर भेग मातीनं भरते, त्यात नेचे उगवतात, वर शेवाळाची गोधडी चढते आणि इथे वाट होती हे कोणाला खरं वाटत नाही. मी विचारलं, "कोणासाठी करताय?" तुम्ही म्हणालात, "ही? ही झाली की तू ये चढायला, ही तुझ्या हाताच्या मापाची आहे." मग मी चढले ती भेग कोणी साफ केली होती, ते विचारायचंही राहिलं.

माझ्या पंज्यांची मागची बाजू खोबऱ्याबरोबर किसणीवर गेल्यासारखी सोलटली होती. तुम्ही मला दगडावर बसवून पांढरी कापडी पट्टी दातांनी फाडत हातमोजेच बांधून दिलेत. बोटांच्या मुळांशी एकेक वेढा, वर आडव्या पट्ट्या, शेवट मनगटावर, तळवा उघडा. "मनगटाशी काप, सोलून काढ, फेकू नकोस. परत घालता येतात." बांधता बांधता वाईचं सांगितलंत. 1978 मध्ये जार्डिनचे फ्रेंड इंग्लंडात विकायला आले, तेव्हा तुम्ही पोरं लोहाराकडून पट्टीच्या मेखा ठोकून घेत होतात आणि पांडवगडाखालच्या कातळावर त्या वाकवत होतात. फ्रेंडचा पहिला फोटो कोणाच्या तरी मासिकात पाहिलात आणि वाटलं, हे घड्याळातलं काहीतरी असेल.

येताना हमरस्त्यावरून ग्रँड वॉल दिसते ना, तिच्याबद्दलही तुम्हीच सांगितलंत. 1961 मध्ये एड कूपर आणि जिम बॉल्डविन मेखा आणि बोल्ट ठोकत त्या भिंतीवर आठवडेच्या आठवडे होते, आणि खाली लोक गाड्या थांबवून माना वर करून बघत. पुढे अकरा वर्षांनी चढाईचं सामान बनवणाऱ्या शुइनार्ड आणि फ्रॉस्ट यांनी आपल्याच कॅटलॉगात लिहिलं, की मेखांनी कातळाची चाळण होतेय, हातानं बसतील आणि हातानं निघतील अशा वस्तू वापरा. दोघं स्वतः मेखा विकत होते! लक्ष्मी रोडवरच्या कुठल्या दुकानदारानं गिऱ्हाइकाला असं सांगितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मग मैत्रीण वर गेली सामान काढायला. सगळं काढलं, वरचा पिवळा निघेना. तिनं हलवलं, ढकललं, शिव्या दिल्या, त्याही इंग्रजीत. तेवढ्यात पाऊस भुरभुरायला लागला. मी तुम्हाला म्हटलं, "मी जाते परत वर," आणि तुम्ही घड्याळाकडे बघून म्हणालात, "चारला नातवाला पोहायला न्यायचंय. राहू दे तो, जंगलाला वाहिला." दोर गुंडाळलात, खुरपं पिशवीत टाकलंत आणि निघालात. दहा पावलांत नेच्यांच्या आड दिसेनासे झालात. मी "थँक यू काका" असं काहीतरी पुटपुटले असेन. एवढ्या सगळ्याला तेवढंच.

काका, तो जंगलाला वाहिलेला नाही. पुढच्या शनिवारी मी मागच्या पायवाटेनं माथ्यावर गेले, साखळीला दोर लावून तीन मीटर उतरले आणि भेगेत अडकलेलं सामान काढायची आकडी घेऊन त्याच्यापुढे बसले. दीड तास. तीन पाकळ्या हलत होत्या, चौथी एका बारीक खड्याच्या मागे रुतलेली. ओढून काही उपयोग नव्हता. खटक्याच्या दोन्ही टोकांना तारेचे फास घालून, एकेक मिलिमीटर आडवा सरकवत, मध्येच आकडीनं खडा खरवडत बसले. निघाला तेव्हा इतका अचानक, की माझ्याच हनुवटीवर आदळला.

तो आता माझ्याकडे आहे. कोमट पाण्यात धुतला, पाकळ्यांमधली रेती जुन्या टूथब्रशनं काढली, वंगण घातलं. खटका लोण्यासारखा चालतो. पट्टी तपासली, शिवण शाबूत आहे. मी त्यावर एकदाही चढलेले नाही आणि चढणार नाही. माझे चार पिवळे आता माझे आहेत.

तुमचा अंगठा मी दोन पोरींना शिकवला. एक नागपूरची आहे, ती म्हणते, "असं सांगितलं असतं तर कधीचं जमलं असतं." तेच मीही म्हणते.

तुम्ही खरवडत होतात त्या भेगेशी जूनपासून, पाऊस नसेल त्या प्रत्येक शनिवारी सकाळी मी असते. भेगेचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही, तुम्हाला माहीत आहे. वरचा अर्धा भाग अजून मातीनं भरलेला आहे, मी खालचं खुरपते. येऊ शकलात तर या, नाहीतर कोणाला पाठवा. जो कोणी येईल त्यानं मला त्या फ्रेंडवरच्या चिकटपट्टीचे दोन रंग सांगावेत, म्हणून ते मी इथे लिहीत नाही. आणि नाव सांगावं, आडनावासकट. आई विचारतेय.

तुमची,
सव्वादोनच्या बांगड्यांची