‘पा दॉर्मिर’ ही नुसती नक्कल नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत लहान मुलांच्या बोलण्यावरचा लेख वाचला, छान आहे, पण एक गोष्ट काही केल्या पचेना, की मुलं मोठ्यांचं ऐकून जसंच्या तसं बोलतात आणि चुकली की आईबापांनी लगेच दुरुस्त करावं. मी पुण्यात बावीस वर्षं फ्रेंच शिकवतेय, त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितेय.

माझा भाचा फ्रान्समधे ग्रनोबलला असतो, बायको तिकडचीच. त्यांची लेक दोन वर्षांची असताना ‘पा दॉर्मिर, पा दॉर्मिर’ करत घरभर पळायची. मोठं माणूस म्हणणार ‘ज दोर पा’, म्हणजे मी नाही झोपत, आणि ही म्हणतेय ‘नाही झोपणे’. आता सांगा, हे तिने ऐकलं कुणाकडून? भाच्याचा फोन, मावशी, घरात मराठी पण चालतं म्हणून हिचं फ्रेंच बिघडलं का? म्हटलं अरे काही बिघडलं नाही, ती व्याकरण बरोब्बर पाळतेय.

कसं ते सांगते. फ्रेंचमधे चालवलेल्या, म्हणजे कर्ता-काळाप्रमाणे बदललेल्या क्रियापदानंतर (‘दोर’) ‘पा’, म्हणजे ‘नाही’, येतो, पण ‘दॉर्मिर’ (झोपणे) सारखं मूळ रूप असेल तर आधी, तिकडे ‘न पा फ्युमे’ म्हणजे धूम्रपान करू नये अशी पाटी असते ना, तसं. भाषाशास्त्रज्ञ एमी पियर्स यांनी दोन वर्षांच्या आसपासच्या फ्रेंच मुलांची रेकॉर्ड केलेली वाक्यं मोजली, १९९२ च्या पुस्तकात आहे ते. चालवलेलं क्रियापद असलेल्या १९६ वाक्यांपैकी १८५ मधे ‘पा’ नंतर, आणि मूळ रूपाच्या ७९ पैकी ७७ मधे आधी!! नुसती शब्दांची खिचडी असती तर असं झालं असतं का? फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ जाँ-इव्ह पोलॉक यांनी १९८९ मधे मांडलं होतं की फ्रेंचमधे चालवलेलं क्रियापद आपली जागा सोडून ‘पा’च्या आधी येतं, आणि हे दोन वर्षांच्या पोरांना येतंय. मूळ रूप वापरायचं नसतं तिथे वापरतात, चूक एवढीच. एमआयटीचे भाषाशास्त्रज्ञ केन वेक्सलर यांनी याला ऑप्शनल इन्फिनिटिव्ह, म्हणजे ऐच्छिक मूळ रूप, असं नाव दिलं, इंग्रजी मुलं ‘ही गोज’ऐवजी ‘ही गो’ म्हणतात तेही त्यांच्या मते हेच, फक्त इंग्रजीत मूळ रूपाला वेगळी शेपटी नाही म्हणून आपल्याला वाटतं एस गाळला. इटालियन मुलं मात्र असं फारसं करत नाहीत. मराठीत तर ‘नाही झोपायचं’ हे मोठ्यांच्या तोंडीही चालतं, त्यामुळे आपल्या घरात हा प्रकार कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आणि माझे कॉलेजचे विद्यार्थी? नियम पाठ, मार्क चांगले, आणि बोलायला लागले की ‘ज न पा मांज’, मी खात नाही म्हणायचं असतं, म्हणजे ‘पा’ ‘मांज’नंतर हवा. शंभरदा दुरुस्त केलंय, खरंच, तरी तेच.

त्या पोरीला कुणी दुरुस्त केलं नाही. आता साडेतीन वर्षांची आहे, ‘ज व्ह पा दॉर्मिर’ म्हणते, मला झोपायचं नाहीये, अगदी मोठ्यांच्या बोलण्यातलं फ्रेंच. झोपत मात्र अजूनही नाही.

आपली,
एक फ्रेंच शिक्षिका, पुणे