समाजसेवकांच्या ताणाची जबाबदारी कार्यालयांनीही घ्यावी

महोदय,

बीड जिल्ह्यातील आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांना भेटी देण्याचे काम मी गेली नऊ वर्षे करत आहे. अशा घरात गेल्यावर समुपदेशनाच्या आधी शासकीय मदतीचाच विषय निघतो, आणि ते स्वाभाविकही आहे. एक लाखापैकी ३० हजार रोख व ७० हजार ठेवीत, हे मी ओसरीवर बसून किती वेळा सांगितले असेल, याची गणती नाही. मात्र कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे नसून नातेवाइकांकडून उचललेले असेल, तर प्रकरण ‘अपात्र’ ठरू शकते. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा असतो. तो कळल्यावर होणारा आक्रोश मात्र दारात उभ्या असलेल्या समाजसेविकेला ऐकावा लागतो. “ताई, कागदं तर तुम्हीच नेली होती,” असे एक म्हातारी मला म्हणाली होती. तिला द्यायला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

पुढे पुढे रात्री अनोळखी क्रमांकावरून फोन आला की छातीत धस्स होऊ लागले. सासूबाईंचे गुडघे, मुलाचे चाचणीतले गुण हे सारे मला क्षुल्लक वाटू लागले आणि मी तसे बोलूनही दाखवू लागले. शेवटी मुलगाच म्हणाला, “आई, तुला सांगण्याएवढं मोठं माझ्याकडं काही नसतं.”

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामाने पुरते थकून जाण्याची, नोंद आजार म्हणून न करता, कामाच्या ठिकाणच्या नीट न हाताळलेल्या दीर्घकालीन ताणाचा परिणाम म्हणून केली. आमच्याकडे त्यावर उपाय म्हणून एक दिवसाचे योग शिबिर झाले. (योगाला माझा विरोध नाही, त्या दिवशीच्या भेटी दुसऱ्या दिवसाच्या भेटींत मिळवल्या गेल्या, एवढेच.) शिवाय अकरा महिन्यांच्या करारावर असलेली सहकारी ‘मला झेपत नाही’ असे वरिष्ठांना सांगायला धजत नाही, कारण कराराच्या नूतनीकरणाची शिफारस त्यांनीच करायची असते.

अंबाजोगाई, लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकृतीशास्त्र विभाग आहेत. तेथील अनुभवी व्यक्तींसमोर महिन्यातून एकदा आपापल्या प्रकरणांवर मोकळेपणाने बोलता यावे, आणि त्यातील एकही शब्द आमच्या कार्यालयापर्यंत जाऊ नये, अशी व्यवस्था शासनाने करावी. त्या दिवशीचा एसटीचा प्रवास कर्तव्यावर धरला, तरी पुष्कळ जणी येतील.

– एक समाजसेविका, जि. बीड