सेवा करणाऱ्यांची सोसायटी

त्रिएस्ते, इटली

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, आया-ब्युरोने तुला सांभाळणाऱ्या मावशींना दुसऱ्या घरी लावलं हे ऐकून फार वाईट वाटलं. तुला पलंगावरून उठवताना काखेत हात कुठे घालायचा, ऑपरेशनचा गुडघा न दुखवता पाय खाली कसा सोडायचा, हे त्यांना नेमकं जमलं होतं. आपण देतो त्या पैशांतून ब्युरो किती कापून घेतो, हेही त्यांनीच तुला सांगितलेलं. बाबा, तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळतेय. ती तुमच्या विषयातली, सहकाराची आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

इथे सान जोव्हान्नी नावाचं मोठं उद्यान आहे. आता तिथे गुलाबांचे ताटवे आहेत, पूर्वी मनोरुग्णालय होतं. आत ठेवलेली माणसं फरश्या पुसायची, कपडे धुवायची, स्वयंपाकघरात राबायची. त्याला नाव ‘उपचार’, म्हणजे मजुरी द्यायला नको! १९७१ मध्ये फ्रांको बसाल्या हे डॉक्टर तिथे संचालक म्हणून आले आणि पुढच्याच वर्षी या रुग्णांची सहकारी संस्था उभी राहिली. फरश्या त्याच, पुसणारेही तेच. पण आता हातात पगार आणि सभेत मत. ज्यांना सही करायचाही अधिकार नाही असं समाज धरून चालला होता, ते सभासद झाले. मला हे अजूनही थोर वाटतं. त्याच उद्यानात आज अशाच एका संस्थेचं उपाहारगृह चालतं.

१९९१ मध्ये इटलीने अशा संस्थांसाठी ३८१ क्रमांकाचा कायदा केला. काही संस्था वृद्धांची, आजाऱ्यांची, मुलांची देखभाल करतात. काही बागकाम, सफाई, छपाई असे व्यवसाय करतात, पण त्यांच्या कामगारांत किमान ३० टक्के माणसं अपंग, मनोरुग्ण, व्यसनातून उठलेली किंवा शिक्षा भोगत असलेली हवीत. ताळेबंद कसा जमतो, हे तुम्ही विचारणारच. यातल्या बहुतेक कामगारांच्या सामाजिक विम्याचा हप्ता सरकार संस्थेकडून घेत नाही, आणि नगरपालिका ठरावीक रकमेपर्यंतची कामं अशा संस्थांना थेट देऊ शकते. दुखणं मात्र तिथेच आहे. सरकारी कामावर विसंबलं की दर खाली ओढले जातात आणि देखभाल करणाऱ्या बायकांचे पगार कमीच राहतात.

तरीही बोलोन्या शहरातल्या बायकांनी १९७४ मध्ये, हा कायदा यायच्या कितीतरी आधी, घरोघरी जाऊन आजारी, वृद्ध आणि लहान मुलांना सांभाळण्यासाठी ‘कादियाई’ ही संस्था काढली. ती आजही चालू आहे. आपल्याकडेही हे अगदी नवं नाही. अहमदाबादला इलाबेन भट्ट यांच्या ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेतून बायकांच्या बालसंगोपनाच्या आणि आरोग्याच्या सहकारी संस्था निघाल्या. पुण्यातली ‘स्वच्छ’ तर कचरावेचकांच्याच मालकीची.

मग आपल्या सांगली जिल्ह्यात, जिथे उसाला, दुधाला, कर्जाला सोसायटी आहे, तिथे म्हातारपणाला का नसावी? गटसचिव म्हणून तुम्ही आयुष्यभर शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या विकास सोसायट्यांची दप्तरं सांभाळलीत. वेगवेगळ्या घरांतले दहा सभासद जमले की नोंदणीचा प्रस्ताव करता येतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. सेवा करणाऱ्या बायका सभासद असाव्यात, तुमच्यासारखी सेवा घेणारी घरंही असावीत. दर सभेत ठरेल, आणि कुणाला कुठल्या घरी पाठवायचं ते त्या बाईला विचारून. कोपऱ्यावरच्या काकूंचा मुलगा, ज्याला ऐकू येत नाही, तो औषधं आणून द्यायचं, डबे पोचवायचं काम सहज करील. त्याला नुसतं घरात बसवून ठेवलंय, याचं मला कायम दुःख होतं.

बाबा, तुमच्यावर धावपळ टाकायची नाही. उपनिबंधक कार्यालयाचे हेलपाटे तुमच्या हाताखाली तयार झालेल्या तरुण सचिवांपैकी कुणीतरी घालील. तुम्ही फक्त उपविधींचा मसुदा बघा. इथल्या एका संस्थेचे नियम मी मराठीत करून पाठवते. आणि आई, मावशींचा नंबर तुझ्याकडे असेलच. सगळ्यात आधी त्यांना विचार, असं काही निघालं तर त्यांना काय काय हवं. यादी त्यांच्याच शब्दांत लिहून घे.

गुडघ्याचे व्यायाम चुकवू नकोस.

तुमची,
मनू