रिफंडवर कर नाही, व्याजावर आहे

महोदय,

आयकराची विवरणपत्रे भरून झाली की रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या निवृत्तांत पाऊसपाण्याच्या जोडीला रिफंडचा, म्हणजे जादा गेलेला कर परत मिळण्याचा, विषय निघतोच. ‘आला का तुमचा?’ झाले की पुढचा प्रश्न ठरलेला : यावर परत टॅक्स बसतो का? एक जण ठासून सांगतो, ‘आपलेच पैसे, त्यावर कसला टॅक्स!’ दुसरा खात्यात जमा झालेली सगळी रक्कम उत्पन्नात धरून मोकळा होतो. दोघांचेही चुकते.

मूळ रिफंड हे उत्पन्न नव्हेच. ठेवीचे व्याज आपण आधीच पूर्ण दाखवलेले असते. बँकेने त्यातून जादा कापलेला टीडीएस (व्याज देतानाच कापून घेतलेला कर) तेवढा परत येतो. मात्र त्यावर आयकर खाते दरमहा अर्धा टक्का व्याज देते आणि ते ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ म्हणून करपात्र असते. समजा, विवरणपत्र मुदतीत भरले आणि १८,००० रुपयांचा रिफंड ऑगस्टमध्ये आला. एप्रिलपासून पाच महिन्यांचे व्याज ४५० रुपये. पासबुकात पडतात एकरकमी १८,४५०. करपात्र फक्त ४५०, तेही ज्या आर्थिक वर्षात हाती आले त्या वर्षाचे. त्यावर टीडीएस कापत नाहीत, म्हणून हमखास विसरते. पण एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या आपल्या वार्षिक माहितीपत्रकात, नोंद असते. ज्येष्ठांनी हेही ध्यानात ठेवावे की आयकर कायद्यातल्या कलम ८० टीटीबीची ज्येष्ठांसाठीची वजावट बँक-पोस्टाच्या व्याजाला आहे, या व्याजाला नाही.

आता तक्रार. लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्याचा अग्रिम कर (वर्ष चालू असतानाच आगाऊ भरायचा कर) कमी पडला, तर त्याला दरमहा एक टक्का व्याज भरावे लागते आणि त्याची वजावटही मिळत नाही. सरकारकडे आमचे पैसे अडकले तर अर्धा टक्का, वर त्यावर कर! हे दर संसदेने बदलायचे, तेव्हा ते कधी होईल ते होवो. पण मूळ रक्कम आणि व्याज यांची फोड आज मिळते ती विवरणपत्र तपासून झाल्यावर खाते पाठवते त्या कलम १४३(१) च्या सूचनापत्रात. ते येते ई-मेलवर, उघडायला पासवर्ड : पॅन लहान अक्षरांत आणि पुढे जन्मतारीख. सत्तरी ओलांडलेल्यांचा ई-मेल बहुधा नातवाच्या नाहीतर कर सल्लागाराच्या फोनवर असतो. रिफंड जमा झाल्याच्या एसएमएसमध्येच ‘मूळ इतके, व्याज इतके’ असे दोन आकडे छापावेत. त्याला कायदा बदलावा लागत नाही.

– एक निवृत्त लिपिक, मंगळवार पेठ, कोल्हापूर